गांधीलमाशीच्या पोळ्याचा अभ्यास कसा सुरू करावा

समाज करून राहणाऱ्या कीटकांच्या वर्तनावर काम करावे असे ज्याला वाटते, त्याच्या मनात आधी मधमाशी, मुंगी किंवा वाळवी येते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याने आजवर एकही वसाहत महिनाभर सलग पाहिलेली नाही त्याने सुरुवात गांधीलमाशीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळवीच्या वारुळात काय चालते हे ते फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि फोडल्यावर जे दिसते ते तिचे नेहमीचे वागणे नसते. मुंग्यांचा बहुतेक संसार जमिनीखाली असतो. सातेरी मधमाशी ढोलीच्या अंधारात राहते आणि तिच्या एका वसाहतीत हजारो कामकरी माश्या असतात. याउलट भारतीय द्वीपकल्पात सर्रास आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचे पोळे उघडे असते, त्यावर आवरण नसते, आणि त्यावरच्या माश्या सहसा दहा-वीस ते काही डझन इतक्याच असतात. अंडी, अळ्या, कोष, कामकरी, नर आणि राणी हे सारे एकाच नजरेच्या टप्प्यात येते. शिवाय थंड देशांतल्या गांधीलमाश्यांप्रमाणे ही प्रजाती हिवाळ्यात काम बंद ठेवत नाही, त्यामुळे वर्षातल्या कोणत्याही महिन्यात अभ्यास सुरू करता येतो.

या एका माशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही दशके काम केले आहे, आणि त्या कामाचा पाया कोणत्याही महागड्या यंत्रावर उभा नाही. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी 1983 मध्ये अ‍ॅनिमल बिहेवियर या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक मादी आपला वेळ कशात घालवते याची मोजदाद होती. त्या आकड्यांवरून माद्यांचे तीन गट पडले: पोळ्यावर बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या. राणी भांडणाऱ्यांमध्ये असेल अशीच कोणाचीही अपेक्षा असती, पण ती बसून राहणाऱ्यांमध्ये निघाली. याच्याच जवळच्या रोपालिडिया सायथिफॉर्मिस या प्रजातीत मात्र राणी भांडणाऱ्या गटात असते. हा फरक कोणाला केवळ पोळ्याकडे पाहत बसून कळला नसता. प्रत्येक माशी वेगळी ओळखता आली आणि तिची नोंद ठरलेल्या पद्धतीने झाली, म्हणून तो कळला. पुढे जे काही सांगितले आहे ते याच दोन गोष्टींभोवती आहे.

पोळे निवडणे

शाळेच्या व्हरांड्याचा छज्जा, जिन्याखालची जागा, बंद खोलीच्या खिडकीची वरची चौकट, जुन्या वाड्याचे आढे, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब अशा पावसापासून आडोसा असलेल्या जागा आधी पाहाव्यात. चावलेल्या वनस्पतीतंतूंपासून केलेले, राखाडी-तपकिरी, कागदासारखे आणि एका बारीक देठावर टांगलेले षट्कोनी घरांचे पोळे दिसले तर ते आपल्या उपयोगाचे आहे. मातीचे घरटे दिसले तर ते कुंभारीण माशीचे असते. ती एकटी राहते, त्यामुळे आपल्या कामाची नाही. मराठीत गांधीलमाशी हे नाव अनेक प्रजातींना सरसकट दिले जाते. घरांच्या आसपास दिसणारी मोठी, पिवळसर माशी बहुधा पॉलिस्टिस वंशातली असते. रोपालिडिया मार्जिनाटा आकाराने लहान, गडद तांबूस-तपकिरी असते, तिच्या पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके आणि उदराच्या खालच्या भागावर पिवळे वलय असते. तुमच्या जवळ पॉलिस्टिसचेच पोळे असेल तर तेही चालेल, पण प्रजाती निश्चित झाल्याशिवाय एका प्रजातीबद्दल वाचलेले निष्कर्ष दुसरीला लावू नयेत. स्वच्छ छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास प्राथमिक ओळखीला मदत होते. पक्क्या ओळखीसाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडे वर असलेले, समोरून सर्व घरे दिसतील असे, आणि माणसांच्या थेट वाटेत नसलेले पोळे निवडावे. निवड झाल्यावर पहिले काम म्हणजे इमारतीचे मालक, शिपाई, सफाई करणाऱ्या मावशी आणि सुरक्षारक्षक यांच्याशी बोलणे. अभ्यास चालू असलेली पोळी सर्वांत जास्त संख्येने कोणत्या शत्रूमुळे जात असतील तर ती झाडूमुळे, आणि दिवाळीच्या साफसफाईत तर हमखास. पोळ्याजवळ जाड अक्षरांत सूचना लावावी आणि ती का लावली आहे हे त्या माणसांना प्रत्यक्ष दाखवावे. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात काम करायचे असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी; ती हाती येईपर्यंत तिथल्या पोळ्याला हात लावू नये.

सुरक्षितता

ज्याला पूर्वी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगभर पित्त उठले असेल, श्वास घ्यायला त्रास झाला असेल किंवा चक्कर आली असेल, त्याने हा अभ्यास करू नये. नोंदी लिहिणे आणि आकडेमोड करणे ही कामे त्याला लांबून करता येतात. इतरांनीही एकट्याने काम करू नये आणि अशी लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, अत्तर लावू नये, पोळ्यावर श्वास जाऊ देऊ नये, कारण सस्तन प्राण्याचा उच्छ्वास त्यांना जवळ आलेला शत्रू सुचवतो. दीड-दोन मीटरवर खुर्ची टाकून शांत बसले तर माश्या लवकरच तुमची दखल घेणे सोडून देतात. आग्या मोहोळाच्या बाबतीत हे काहीही लागू होत नाही. नवशिक्याने त्याच्या जवळ जाऊ नये.

घरांचा नकाशा

षट्कोनी जाळीचा कागद छापून घ्यावा, त्यावर पोळ्याचा देठ कोठे आहे ते दाखवावे आणि प्रत्येक घराला क्रमांक द्यावा. मग प्रत्येक घरात काय आहे ते लिहावे: रिकामे, अंडे, लहान अळी, मोठी अळी, किंवा झाकण बसलेला कोष. हा नकाशा दर दोन-तीन दिवसांनी, शक्यतो त्याच वेळी, नव्याने भरावा. अंड्यापासून प्रौढ माशी होईपर्यंत या प्रजातीत साधारण दोन महिने लागतात, म्हणजे तेवढ्या काळात एका घराचा पूर्ण इतिहास तुमच्या हाती येतो. कोणती अंडी मध्येच नाहीशी झाली, कोणत्या घरात पुन्हा अंडे घातले गेले, कोषाचे झाकण कोणत्या रात्री उघडले, हे सारे कागदावर राहते. काम कंटाळवाणे वाटते, तरी त्याला पर्याय नाही. पुढच्या पायरीत त्याचा उपयोग दिसेल.

रंगखुणा

या प्रजातीत राणी आणि कामकरी यांच्यात आकाराचा किंवा रंगाचा फरक नसतो, त्यामुळे खुणा केल्याशिवाय पोळ्यावर कोणीच कोणी नसते. ही युक्ती जुनी आहे: 1973 मध्ये नोबेल पुरस्कार मिळालेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या अंगावर पाच रंगांचे ठिपके देऊन शेकडो माश्यांना क्रमांक दिले होते. आपल्याला एवढी मोठी व्यवस्था नको. पाच रंग आणि वक्षाच्या पाठीवर डावी-उजवी अशा दोन जागा घेतल्या तर पंचवीस वेगळ्या खुणा होतात, आणि तिसरी जागा वापरली तर एकशे पंचवीस. पांढरा, निळा, हिरवा, गुलाबी आणि चंदेरी हे रंग लांबून वेगळे ओळखता येतात. पिवळा टाळावा, कारण माशीच्या अंगावरचे नैसर्गिक पिवळे ठिपके घोटाळा करतात. लाल आणि नारिंगी एकत्र वापरू नयेत, कारण संध्याकाळच्या प्रकाशात ते एकच दिसतात.

खेळण्यातल्या मोटारी किंवा विमानांना लावतात तो लवकर सुकणारा एनॅमल रंग छोट्या बाटलीत मिळतो. तो दात कोरायच्या काडीच्या टोकावर अगदी थोडा घ्यावा आणि मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपका वक्षाच्या पाठीवर टेकवावा. पंख, पंखांचे मूळ, डोळे, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि उदर यांना रंग लागता कामा नये. हे काम रात्री किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी करावे: सर्व माश्या पोळ्यावर असतात, त्यांच्या हालचाली मंद असतात, आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावला तर त्या प्रकाशाने त्या फारशा विचलित होत नाहीत, कारण लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. एका रात्री सर्व माश्या रंगवण्याचा अट्टहास करू नये. चार-पाच झाल्या आणि पोळ्यावर पंख उभारून माश्या तुमच्याकडे तोंड करू लागल्या की थांबावे.

एकदा सर्व माश्यांना खुणा झाल्या की बिनखुणेची प्रत्येक माशी ही बातमी असते. सकाळी अशी माशी दिसली तर लगेच नकाशा काढावा. काल झाकण असलेले एखादे घर आज उघडे असेल तर ती त्याच पोळ्यावर काल रात्री किंवा आज पहाटे जन्मलेली आहे, आणि त्याच दिवशी खूण केल्यास तिचे वय तुम्हाला कायमचे ठाऊक राहील. एकही झाकण उघडलेले नसेल तर ती बाहेरून आलेली आहे. या प्रजातीच्या वसाहती परक्या पण अगदी तरुण माश्यांना कधी कधी सामावून घेतात, म्हणून अशा पाहुणीकडे दुर्लक्ष करू नये. वय माहीत असलेल्या माश्यांमुळे आणखी एक गोष्ट पाहता येते. कामकरी सहसा आधी अळ्यांना भरवते, मग घरे बांधते, त्यानंतर तंतूंचा लगदा आणू लागते आणि सर्वांत शेवटी अन्न आणायला बाहेर पडते. तुमच्या पोळ्यावर हा क्रम दिसतो का, आणि माश्यांची संख्या अचानक घटली तर तरुण माश्या लवकर बाहेर पडतात का, हा पहिल्या अभ्यासासाठी उत्तम प्रश्न आहे.

काय दिसले याची सूची

नोंदी सुरू करण्यापूर्वी एक-दोन आठवडे केवळ पाहावे आणि वर्तनसूची तयार करावी. सूचीत काय दिसले ते असावे, त्याचा अर्थ काय असावा हे नको. 'राणीने दटावले' ही नोंद निरुपयोगी आहे. जे दिसते ते असे असते: एक माशी दुसरीच्या अंगावर चढते, तिच्या पंखांच्या मुळाशी आणि पाठीवर जबड्यांनी भराभर कुरतडल्यासारखे करते, आणि खालची माशी शृंगिका खाली टाकून, अंग पोळ्याला चिकटवून, वरची उतरेपर्यंत जराही हलत नाही. हे 'कुरतडणे' म्हणून लिहावे, कोणी केले आणि कोणावर केले तेही लिहावे. पाठलाग करणे, टोचा मारणे, अंगावर बसणे, जबड्यात धरून ठेवणे, उडत येऊन दुसरीवर आदळणे ही याच जातीची पण वेगवेगळी वर्तने आहेत आणि ती वेगळीच ठेवावीत. एकत्र करायची असतील तर ती नंतर करता येतात, एकत्र लिहिलेली वेगळी करता येत नाहीत.

बाहेरून येणारी माशी काय घेऊन आली हे ओळखायला सुरुवातीला अवघड जाते. तंतूंचा लगदा आणणारी माशी तो घरांच्या कडेवर नेते किंवा बांधणाऱ्या माशीच्या हवाली करते, आणि कडेवर ओलसर गडद पट्टा उमटतो. अन्न आणणारीच्या जबड्यात चावून गोळा केलेली सुरवंटाची मऊ पेंड असते. ती उतरताच दोन-तीन जणी पुढे येतात, गोळ्याचा तुकडा तोडून घेतात, तो जबड्यात फिरवत राहतात आणि मग एकेका घरात डोके घालून अळीला भरवतात. जबडे रिकामे असूनही माशी आली आणि इतर माश्या तिच्या तोंडाला तोंड लावू लागल्या तर ती पाणी किंवा मकरंद घेऊन आली असावी, अशी वेगळी नोंद करावी.

अंडे घालणारी माशी रिकाम्या घरात उदर घालून बराच वेळ स्थिर राहते; त्यानंतर त्या घरात अंडे दिसले तरच नोंद पक्की समजावी. राणी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे. राणीचे आणखी एक वर्तन सूचीत अवश्य असावे: ती अधूनमधून उदराचा खालचा भाग पोळ्यावर घासते. बंगळुरूच्या अभ्यासांतून असे पुढे आले की तिच्या उदराच्या टोकाशी असलेल्या ड्यूफूर ग्रंथीतील रसायने अशा प्रकारे पोळ्यावर पसरतात आणि राणी हजर असल्याची वर्दी कामकऱ्यांना त्यातून मिळते. भांडण न करणारी राणी राज्य कसे टिकवते, या प्रश्नाचे उत्तर या साध्या हालचालीत दडलेले होते.

नोंद घेण्याची पद्धत

माणसाचा डोळा भांडणाकडे धावतो आणि स्वस्थ बसलेल्या माशीवरून सरकतो. जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये प्राणिवर्तनाच्या निरीक्षणपद्धतींवर जो निबंध लिहिला, त्यात हाच दोष दूर करण्याचे मार्ग आहेत आणि आजही जगभर तेच वापरले जातात. आपल्या कामाला त्यांतले दोन पुरतात. पहिल्यात ठरलेल्या क्षणी पोळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि प्रत्येक माशी त्या क्षणी काय करते आहे तेवढेच लिहायचे. यातून वेळेची वाटणी कळते. दुसऱ्यात पाच मिनिटे सलग पाहायचे आणि सूचीतली निवडक, थोडक्या वेळात होणारी वर्तने जितक्या वेळा घडतील तितक्या वेळा लिहायची. यातून वारंवारता कळते. दर पाच मिनिटांच्या कामानंतर एक मिनिट विश्रांती घ्यावी, आणि कोणत्या खंडात कोणती पद्धत वापरायची हे आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे पोळ्यावर काही रंगतदार चालू आहे म्हणून पद्धत बदलण्याचा मोह होणार नाही. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांना सारखा वाटा द्यावा. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान, आभाळ आणि पाऊस यांची नोंद असावी. मोबाइलवर चित्रीकरण जरूर करावे, पण त्यावर विसंबू नये, कारण रंगाचा ठिपका पडद्यावर अनेकदा ओळखता येत नाही.

आकडेमोडीत नवशिक्यांची सर्वाधिक फसगत एका जागी होते, आणि तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. समजा दहा तासांच्या निरीक्षणात निळी-पांढरी माशी केवळ चार तास पोळ्यावर होती आणि तिने आठ वेळा कुरतडले. हिरवी-गुलाबी माशी पूर्ण दहा तास पोळ्यावर होती आणि तिने बारा वेळा कुरतडले. बेरीज पाहिली तर हिरवी-गुलाबी अधिक आक्रमक वाटते. परंतु पोळ्यावरच्या तासांनी भागले तर निळी-पांढरीचा दर ताशी दोन आणि हिरवी-गुलाबीचा ताशी एक पूर्णांक दोन दशांश येतो. म्हणून माशी केव्हा गेली आणि केव्हा परत आली याची नोंद वर्तनाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. दुसरी गोष्ट अशी की एका पोळ्यावरच्या तीस माश्या म्हणजे तीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्या एकमेकींच्या वागण्याने बांधलेल्या असतात, आणि प्रजातीबद्दल काही म्हणायचे असेल तर वेगवेगळ्या पोळ्यांची संख्या मोजावी लागते. एकाच पोळ्याचा अभ्यास केला असेल तर 'या पोळ्यावर असे दिसले' इतकेच लिहावे. ते लहान नाही.

राणी नाहीशी झाली तर

मादी स्वतःची पिल्ले सोडून बहिणींना का वाढवते, हा या विषयाचा मोठा प्रश्न आहे. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये रक्तसंबंधाच्या आधारे त्याचे एक उत्तर मांडले: जवळच्या नातलगांना वाढवले तरी आपल्यासारखीच जनुके पुढच्या पिढीत जातात. रोपालिडिया मार्जिनाटाची राणी एकाहून अधिक नरांशी संग करते आणि एका पोळ्यावर एकीमागून एक राण्या येतात, त्यामुळे पोळ्यावरच्या माद्यांचे नाते अपेक्षेइतके जवळचे राहत नाही आणि केवळ नात्याने सारे उलगडत नाही. कामकरी मादीला पुढे स्वतः राणी होण्याची संधी असते, हाही त्या उत्तराचा भाग आहे, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर घडू शकतो.

राणी मरण पावली किंवा परतली नाही तर काही मिनिटांतच एक, आणि एकच, कामकरी कमालीची आक्रमक होते. ती सतत इतरांवर चढते, कुरतडते, पाठलाग करते. साधारण आठवडाभरात ती अंडी घालू लागते, आणि तोपर्यंत तिची आक्रमकता ओसरून ती पहिल्या राणीसारखीच शांत होते. ही वारस आधी ओळखता येईल असे तिचे वय, आकार किंवा दर्जा यांत निरीक्षकाला काही सापडत नाही. परंतु पोळे जाळीने दोन भागांत विभागून केलेल्या प्रयोगांतून असे दिसते की माश्यांना मात्र ती ठाऊक असते, कारण तिला कोणी आव्हान देत नाही. नवशिक्याने राणी काढून टाकण्याचा प्रयोग करू नये. रोज रात्रीच्या गणतीत राणीची खूण आहे का हे पाहावे, आणि एके दिवशी ती नसेल तर हाताशी असलेला सर्व वेळ पुढच्या आठवड्याला द्यावा. आधीच्या महिन्याच्या नोंदी तुमच्याकडे असल्यामुळे नवी राणी यापूर्वी काय करत होती हे तुम्हाला मागे जाऊन पाहता येईल, आणि हाच तुमच्या संयमाचा खरा मोबदला आहे.

नर पोळ्यावर थोडे दिवस राहतात आणि निघून जातात. ते पोळ्यावर असताना काही करत नाहीत असे सहज लिहिले जाते. पण माद्या दूर केल्या आणि नरांना भरपूर अन्न दिले तर ते अळ्यांना भरवतात, हे प्रयोगाने दाखवलेले आहे. त्यांना नांगी नसते. त्यांचीही खूण करावी.

पोळ्याभोवतीचे जग

व्हेस्पा ट्रॉपिका ही मोठी गांधीलमाशी या पोळ्यांची मुख्य वैरी आहे. ती आली की प्रौढ माश्या बहुधा उडून बाजूला होतात आणि ती घरांतून अळ्या आणि कोष ओढून काढते. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत पोळ्यांच्या खोलीला अशी जाळी बसवली की तिच्या छिद्रांतून रोपालिडिया मोकळेपणी ये-जा करते पण व्हेस्पा आत शिरू शकत नाही. तुमच्या पोळ्यावर असा हल्ला झाला तर हाकलायला धावू नये. वेळ लिहावी, किती घरे रिकामी झाली ते नकाशावर दाखवावे, आणि माश्या परत त्याच पोळ्यावर येतात की दुसरीकडे नवे पोळे सुरू करतात, हे खुणांवरून शोधावे. मुंग्यांची रांग देठाकडे चढताना दिसली तर त्याचीही नोंद असावी. पोळ्याच्या परिसरात फुलणारी झाडे, पाणवठा, कीटकनाशकांची फवारणी आणि जवळची इतर पोळी यांचा एक साधा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवावा.

पोळे सोडून दिले गेल्यावर ते देठासह अलगद काढून खोक्यात ठेवावे. चिठ्ठीवर गाव, इमारत, जमिनीपासूनची उंची, तोंडाची दिशा, पहिल्या आणि शेवटच्या निरीक्षणाची तारीख आणि प्रजातीचे नाव कोणी निश्चित केले ते लिहावे, आणि पोळ्याखाली मेलेल्या सापडलेल्या दोन-तीन माश्या टाचणीवर लावून त्याच खोक्यात ठेवाव्यात. मूळ नोंदवह्या सुवाच्य करण्यासाठी पुन्हा लिहून काढू नयेत; खाडाखोडीसह त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आकडे संगणकावर चढवताना दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावेत, आणि विश्लेषणासाठी आर ही मोफत मिळणारी संगणकप्रणाली वापरावी.